चाळिशीतल्या बी.ए.ला विषय कोणता?

जून लागला की मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर, ओतूर इथल्या महाविद्यालयांच्या कार्यालयाबाहेर बारावी झालेल्या मुलांची रांग लागते. त्या रांगेत मधेच पस्तीस-चाळिशीची एखादी बाई असते आणि तिच्या पिशवीतले कागद मुलाचे नसतात, तिचे स्वतःचे असतात. अंगणवाडी सेविका, आशाताई, ग्रामपंचायतीची सदस्य, एस.टी.चा वाहक, वनखात्याकडचा रोजंदारी मजूर, मुलगी कॉलेजला गेल्यावर ‘आता माझंही राहिलेलं उरकते’ म्हणणारी गृहिणी, अशी माणसं आता आपल्या आंबेगाव आणि जुन्नर या दोन्ही तालुक्यांत सर्रास दिसतात. अर्ज कसा भरायचा हे त्यांना सायबर कॅफेवाला पोरगाही सांगतो. विषय कोणता घ्यायचा, हे मात्र कुणी धड सांगत नाही. ‘सोपा घ्या की ताई, तुम्हाला पदवीशी मतलब,’ एवढ्यावर बोळवण होते.

या बोळवणीला माझा विरोध आहे आणि आजची जागा मी त्यासाठीच खर्च करणार आहे. उशिरा शिकायला आलेल्या माणसानं समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास यांपैकी एखादा विषय सोपा म्हणून घेऊ नये. आयुष्यानं त्याच्यापुढे जो प्रश्न आधीच टाकून ठेवला आहे, त्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा विषय घ्यावा. अठरा वर्षांच्या मुलाला असा प्रश्न अजून पडलेला नसतो, त्यामुळे त्याची निवड अंदाजानं होते. चाळिशीतल्या माणसाची तशी व्हायचं कारण नाही.

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका अंगणवाडी सेविकेची वजनाची वही मी पाहिली आहे. मुलाचं नाव, वय, वजन, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात खात्याला हवं तेवढं लिहून झाल्यावर उरलेल्या समासात तिनं पेन्सिलीनं बारीक अक्षरात काही टिपलं होतं. ‘आई नारायणगावला टोमॅटोला.’ ‘आजीकडे ठेवलं.’ ‘हिरड्याला गेले, तीन आठवडे गैरहजर.’ हे कुणी तिला लिहायला सांगितलं नव्हतं. कोणत्या महिन्यात कुठल्या वाडीतली आई खाली बागायतीत मजुरीला उतरते आणि त्यानंतर पोराचं वजन कसं घसरतं, हे त्या समासात वर्षानुवर्षं साठत होतं. स्थलांतर, कुटुंबरचना, स्त्रियांचे श्रम, कुपोषण हे सगळे समाजशास्त्राच्या पुस्तकातले धडे आहेत आणि त्यांचं क्षेत्रकार्य या बाईनं पदवीच्या आधीच केलेलं आहे. तिला विचारलं, बी.ए.ला काय घेणार? म्हणाली, “मराठी घेते, कथा-कविता असतात, वाचून पास होता येतं.” मराठी साहित्य हा थोर विषय आहे. पण ज्या बाईच्या समासात समाजशास्त्र भरून वाहतंय, तिनं केवळ पास होण्यासाठी दुसरीकडे वळावं, हे मला पटलं नाही. तिला मी तसं सांगितलं.

आपला मुलूख सामाजिक शास्त्रं शिकणाऱ्याला जेवढं देतो, तेवढं देणारे तालुके फार नसतील. ज्या गावाच्या नावानं आंबेगाव तालुका ओळखला जातो ते मूळ आंबेगावच डिंभे धरणात गेलं; तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो. डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं या दोन तालुक्यांत आणि त्यांचं पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातं. जमीन कुणाची गेली, पाणी कुणाला मिळालं, वाटप कुणी ठरवलं? यातला पहिला प्रश्न इतिहासाचा आणि समाजशास्त्राचा, दुसरा अर्थशास्त्राचा, तिसरा राज्यशास्त्राचा. धरणग्रस्त आदिवासींबरोबर कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेनं जे काम केलं, त्यात पडकईचा मोठा भाग होता. डोंगरउतारावर दगडांचे बांध घालून भातखाचरं काढायची आणि त्यासाठी गावानं मिळून एकमेकांच्या रानात राबायचं, ही तिथली जुनी रीत. पुढे तिची सरकारी योजनाही झाली.

आणि ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळून माळीण हे गाव गेलं. १५१ माणसं गेली. त्यानंतर वाद झाला की उतारावर यंत्रं लावून केलेल्या सपाटीकरणामुळे डोंगर सुटला का, की त्या दोन दिवसांच्या पावसापुढे काहीच टिकलं नसतं. वाचलेल्यांचं पुनर्वसन आमडे इथे झालं, २०१७ मध्ये नवं गाव उभं राहिलं. हा विषय मी मुद्दाम काढतो, कारण याच भागातून शिकायला येणाऱ्या कित्येकांच्या मनात तो दिवस अजून जिवंत आहे आणि पुस्तकातल्या ‘आपत्ती व्यवस्थापन’ या घटकाशी त्याचा काही संबंध आहे असं त्यांना कुणी सांगत नाही. भूगोल उताराबद्दल आणि पावसाबद्दल विचारेल. लोकप्रशासन विचारेल की धोक्याची सूचना कुठल्या टेबलावर अडते. समाजशास्त्र विचारेल की नव्या गावात वाड्यांची जुनी रचना मोडली तेव्हा शेजार, भावकी, देवस्थान यांचं काय झालं. विद्यार्थ्याला यातला कोणता प्रश्न रात्री झोपू देत नाही, त्यावर विषय ठरावा.

खालच्या बागायती पट्ट्यात प्रश्न वेगळे आहेत. ऊस वाढला, विघ्नहर आणि भीमाशंकर हे कारखाने उभे राहिले, आणि उसात बिबट्या राहू लागला. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की शेतकरी बॅटरी घेऊन बिबट्याच्या मुलखात पाणी भरायला उतरतो. असा एक पन्नाशीकडे झुकलेला शेतकरी मला भेटला. बारावीनंतर शिक्षण सुटलेलं, आता पुन्हा शिकायचं म्हणतो. त्याला राजकारणाची आवड म्हणून राज्यशास्त्र घ्यायचं होतं. तासभर बोललो तेव्हा कळलं की त्याला निवडणुकांत फारसा रस नाही. विजेचा दर कोण ठरवतो, दिवसाची वीज कारखानदारीला आणि रात्रीची आपल्याला असं का, टोमॅटोच्या क्रेटचा भाव नारायणगावच्या बाजारात सकाळी एक आणि दुपारी दुसरा कसा, हे त्याचे प्रश्न. तो अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. आलेख आणि आकडेमोडीची त्याला धास्ती वाटते, आणि ती खरी आहे. अर्थशास्त्रात सांख्यिकी चुकत नाही. पण ज्यानं वीस वर्षं पट्टीवरचा हिशेब तोंडी केलाय, तो सरासरी आणि निर्देशांक शिकेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कुणी म्हणेल, आपल्या भागातून या विषयांत कोण पुढे गेलंय? डॉ. गोविंद गारे गेले. जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचे. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे ते संचालक होते आणि महाराष्ट्रातल्या आदिवासी जमातींवर त्यांनी आयुष्यभर लिहिलं. ‘सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी’ हे त्यांचं पुस्तक म्हणजे स्वतःच्याच समाजाकडे अभ्यासकाच्या नजरेनं पाहणं. घोडेगाव किंवा जुन्नरच्या कुठल्याही ग्रंथालयात ते मागून वाचावं. दुसरं उदाहरण अलीकडचं. नारायणगाव ही तमाशाची पंढरी, तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचं गाव. यात्रांच्या हंगामाआधी इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपाऱ्या द्यायला येतात, हे आपण लहानपणापासून पाहतो आणि त्यात अभ्यास करण्यासारखं काही आहे असं आपल्याला वाटत नाही. पुण्याच्या येरवड्यात वाढलेल्या इतिहासकार शैलजा पाईक यांनी तमाशा कलावंत स्त्रिया, जात आणि प्रतिष्ठा यांवर संशोधन केलं, २०२२ मध्ये त्यांचा ग्रंथ आला आणि २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. राहुटीत चहा देणाऱ्या माणसाकडेही या विषयाची माहिती असते. त्या माहितीला शिस्त लावायला इतिहास आणि समाजशास्त्र शिकावं लागतं, एवढाच फरक.

आता शिकायचं कुठे. दोन-तीन तास रोज कॉलेजात बसता येत असेल तर नियमित बी.ए. सर्वांत चांगली, यात वाद नाही. मंचरचं अण्णासाहेब आवटे महाविद्यालय, घोडेगावचं बी. डी. काळे, जुन्नरचं श्री शिवछत्रपती, ओतूरचं अण्णासाहेब वाघिरे, नारायणगावचं ग्रामोन्नती मंडळाचं महाविद्यालय, ही सगळी हाकेच्या अंतरावर आहेत. वयाची लाज बाळगू नका, वर्गातली मुलं दोन आठवड्यांत ‘मावशी’ म्हणायला लागतात आणि नोट्स मागायलाही. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी घेऊन थांबता येतं आणि मिळवलेले श्रेयांक बँकेत राहतात. मधेच सासूचं आजारपण आलं, घर बांधायला काढलं, तरी केलेलं वाया जात नाही. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यासाठी या धोरणातली ही सगळ्यात कामाची तरतूद आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

रोज जाणं जमत नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ मध्ये ते अशाच माणसांसाठी स्थापन झालं. शिक्षण मराठीतून आणि पुस्तकं घरी बसून एकट्यानं वाचता येतील अशी बेतलेली: घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मधे मधे स्वतःला तपासायचे प्रश्न, शेवटी सारांश. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुक्त अध्ययन प्रशाला हा दुसरा पर्याय. पूर्वी ज्याला आपण बहिःस्थ म्हणायचो त्याच्या जागी ती आली. इग्नू १९८५ पासून आहे, तिची पुस्तकं उत्तम आणि इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहेत, पण ती मुख्यतः हिंदी आणि इंग्रजीत आहेत. मराठी शाळेतून आलेल्या आणि पंधरा वर्षं काही न वाचलेल्या माणसानं पहिल्या वर्षी मराठीतूनच शिकावं असं मी सांगतो, आणि इग्नूची पुस्तकं बाजूला ठेवून पूरक म्हणून वाचावीत. पुढे एम.ए.ला इंग्रजी लागणारच आहे, त्याची सवय तीन वर्षांत हळूहळू करून घ्यावी.

दूरशिक्षणाची पदवी कमी दर्जाची, हा समज अजून गावोगाव आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं मान्यता दिलेल्या मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते, स्पर्धा परीक्षांनाही चालते. अट एकच, मान्यता खरोखर हवी. आता दूरशिक्षणाला प्रवेश घेताना विद्यार्थ्याला आयोगाच्या पोर्टलवर स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. जी संस्था ‘ते काही लागत नाही, आम्ही बघतो, तुम्ही फक्त पैसे भरा’ म्हणेल, तिथून त्याच क्षणी उठावं.

एका गोष्टीवर मला जरा थांबायचं आहे, कारण तिच्यामुळे झालेलं नुकसान मी जवळून पाहिलंय. बारावी न होताच, मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन अनेकांनी बी.ए. केलं. त्यांची मेहनत खरी होती. पण पुढे वकिलीला जायचं ठरवलं तेव्हा दार बंद. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की मूळ शालेय पात्रता नसताना थेट मुक्त विद्यापीठातून मिळवलेल्या पदवीवर कायद्याला प्रवेश नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अण्णामलाई विद्यापीठाच्या प्रकरणात शालेय शिक्षणाची पायरी गाळून घेतलेल्या पदव्यांबद्दल कडक भूमिका घेतली. सामाजिक शास्त्रं शिकून वनहक्क, पेसा, जमिनीचे दावे यांत काम करायचं ठरवणाऱ्याला आज ना उद्या कायद्याची पदवी खुणावतेच. म्हणून ज्यांची बारावी राहिली आहे त्यांनी आधी बारावी करावी. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देता येते. दोन वर्षं जास्त जातील. जाऊ द्यात.

मानसशास्त्राबद्दलही सांगायला हवं, कारण गेल्या काही वर्षांत बायकांचा ओढा तिकडे फार आहे. ‘समुपदेशक व्हायचंय,’ असं आशाताई म्हणतात, आणि व्यसन, घरगुती मारहाण, किशोरवयीन मुलींच्या अडचणी ज्यांनी दारोदार ऐकल्यात त्यांनी समुपदेशक व्हावंच. पण २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं मानसशास्त्र दूरशिक्षणातून शिकवणं बंद केलं. आता हा विषय नियमित वर्गात बसूनच शिकावा लागेल. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी बी.ए. समाजशास्त्र घेऊन पुढे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे वळावं. एम.एस.डब्ल्यू.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे, मुंबईत आणि तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. मात्र तिथे क्षेत्रकार्य असतं आणि नोकरी सांभाळून ते होत नाही, हे आधीच घरात बोलून ठेवावं.

नोकरीत बढतीसाठी शिकणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. पर्यवेक्षिकेच्या जाहिरातीला पदवी लागते, तलाठ्याच्या परीक्षेला पदवी लागते, आणि पगारात पडणारा फरक घरासाठी मोठा असतो. पण त्यांनीही जुन्या जाहिराती काढून वाचाव्यात. काही पदांना कोणतीही पदवी चालते, काहींना विषय नेमून दिलेले असतात. ते वाचायला अर्धा तास लागतो.

विषयाबद्दल मन ठरत नसेल तर एक साधा उपाय आहे. अभ्यासकेंद्रात जाऊन प्रथम वर्षाची दोन विषयांची पुस्तकं मागा, तिथेच बसून चाळा, जमलं तर कुणा जुन्या विद्यार्थ्याकडून आठवड्यासाठी घरी आणा. प्रत्येकातला एक घटक रात्री कामं आवरल्यावर वाचा. जो वाचताना ‘हे तर आपल्याकडे असंच आहे’ किंवा ‘छे, हे चुकीचं लिहिलंय, आमच्या वाडीत असं नसतं’ असं मनात येईल, तो तुमचा विषय. पुस्तकाशी भांडावंसं वाटणं ही फार चांगली खूण आहे.

शेवटी महाविद्यालयांशी आणि अभ्यासकेंद्रांशी बोलायचं आहे. उन्हाळ्यात डोंगरपट्ट्यातली बाई हिरड्याला असते, खाली कांद्याची काढणी चालू असते, आणि नेमक्या त्याच सुमारास परीक्षा आणि गृहपाठांच्या तारखा येतात. जुलैत भाताची लावणी असते तेव्हा प्रवेशाची मुदत. परीक्षेचं वेळापत्रक नाशिकला किंवा पुण्याला ठरतं, ते तुमच्या हातात नाही हे मान्य. पण संपर्क सत्रं रविवारी ठेवणं, पश्चिम पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांसाठी ती शेवटच्या एस.टी.च्या आधी संपवणं, प्रवेशाच्या महिनाभर आधी गावात येऊन विषयांची माहिती देणं, आणि चार-पाच मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक नेमून देणं, हे तुमच्या हातात आहे. आपल्या पाचही महाविद्यालयांत सामाजिक शास्त्रांचे विभाग आहेत, शिकवणारी माणसं आहेत. अंगणवाडीच्या वहीतला तो समास वाचायला त्यांच्यापैकी एकानं तरी डोंगर चढून जावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आणि ज्यांच्या घरात कुणी शिकायचं म्हणतंय त्यांना एवढंच: ‘या वयात कशाला’ हे वाक्य बोलू नका. प्रवेशाचे दिवस थोडे असतात. बारावी झाली असेल तर या आठवड्यात अभ्यासकेंद्रात जाऊन पुस्तकं बघून या. झाली नसेल तर जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन १७ नंबरच्या फॉर्मची तारीख विचारा, आणि जाताना शाळा सोडल्याचा दाखला बरोबर न्या.